धुक्यातले तेरा आकडे

१

दिनकर घाटपांड्यांनी उभ्या आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यावर एकदम तेरा खोटे आकडे लिहिल्याचा आळ आला. तोही छापील कागदावर, जावक क्रमांक घालून.

मला हे कळलं संक्रांतीच्या दिवशी. मी लखनौला अलीगंजमध्ये एकटी राहते. सकाळी अकरापर्यंत माझ्या मोबाइलवर तिळगुळाची एकोणीस चित्रं आली होती. माणूस एकही आलं नव्हतं. विसावं चित्र माझ्या लेकीचं, कौमुदीचं, कॅनडाहून. त्यामुळे फोन खरोखरचा वाजला तेव्हा तो मी इतक्या घाईनं उचलला की चष्मा आमटीत पडला.

"सरोजबाई, तुम्ही अजून तो खोटं पकडायचा उद्योग करता का?" पलीकडून दिनकरराव.

एकतीस वर्षं मी एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत होते. गोदाम जळलं की जायचं, ट्रक उलटला की जायचं, आणि रडणाऱ्यांपैकी खरं कोण रडतंय ते ठरवायचं. मी मूळची मिरजेची, तोंडाची फटकळ. लखनौच्या 'पहले आप'मध्ये छत्तीस वर्षं काढली तरी फटकळपणा काही गेला नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याशी कोणी खोटं बोललेलं नाही, कारण बोलायलाच कोणी नाही.

"करते की," मी म्हटलं. "कोण बोलतंय खोटं?"

"मी," दिनकरराव म्हणाले. "असं मंडळाचं म्हणणं आहे."

मी स्कूटी काढली आणि इंदिरा नगरला गेले. दिनकरराव इथल्या एका संशोधन संस्थेत अडतीस वर्षं शास्त्रज्ञ होते. त्यांची बायको हेमा माझी मैत्रीण. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून या घरात सोफ्याच्या एकाच कोपऱ्याला खड्डा पडलाय.

त्यांनी पत्र पुढे केलं. घरगुती पवनचक्क्या तपासणाऱ्या 'गृहऊर्जा परीक्षण मंडळा'चं, आदल्या संध्याकाळी शिपायानं हातोहात आणून दिलेलं. दिनकररावांनी हेमा गेल्यावर गच्चीवर एक छोटी पवनचक्की बसवली होती. या मंडळाला ते रोजचा आकडा कळवत; चाचणीत ती उतरली, तर पुढच्या वर्षी शंभर घरांवर तशाच बसणार होत्या. पत्रात लिहिलं होतं: बावीस डिसेंबर ते तेरा जानेवारी या काळात अठरा दिवस शहरात दाट धुकं होतं आणि वारा शून्य. त्यांपैकी तेरा दिवशी आपल्या चक्कीनं वीज केल्याची नोंद आहे. हे अशक्य आहे. सोमवारपर्यंत खुलासा न आल्यास आकडे बनावट समजले जातील आणि तसं आपल्या पूर्वीच्या संस्थेला कळवलं जाईल.

"चक्की बाद करतायत तर करू देत," दिनकरराव म्हणाले. "पण संस्थेला कळवणार. तिथे माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आहेत, सरोजबाई. त्यांना मी बाकी काही शिकवलं असेल नसेल, मीटर दाखवेल ते लिहा, एवढं एक शिकवलं."

त्यांचा आवाज कापला. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. बाप्यांना रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

परत आल्यावर मी विचारलं, "एकच सांगा. ते तेरा आकडे मीटरवर होते का?"

"होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेत."

"आणि वारा?"

"नव्हता."

२

आम्ही गच्चीवर गेलो. चक्की म्हणजे डोळ्यांपुढे जी तीन पात्यांची येते तशी नव्हे. एक पिंप उभं चिरून दोन अर्ध्या भागांत वाकडंतिकडं बसवावं, तशी ती उभ्या दांड्यावर होती. शेजारच्या मिश्रांची गच्ची आणि यांची गच्ची यांच्यामध्ये छातीएवढी सामाईक भिंत आहे, त्या भिंतीलगत ती उभी होती. चांगला वारा असला तर दिवसाला साठ-सत्तर वॉट-तास वीज. तेवढ्यावर त्यांच्या जिन्यातला दिवा चालतो.

"पाती अशी वळवलीयत ना," दिनकररावांचे डोळे चमकले, "की अगदी जरा हललेली हवाही पकडतात. मला खात्री वाटायला लागली होती. उदबत्तीचा धूर सरळ वर जातो ना, तसल्या हवेतही ही फिरते. जगात कुणाची फिरत नाही."

"तुम्ही धुक्यात फिरताना पाहिलीत?"

ते ओशाळले. "दमा आहे. डॉक्टरांनी आठच्या आत धुक्यात जायला बंदी केलीय. मी आठला येतो, मीटर वाचतो, वहीत लिहितो. तेव्हा थांबलेली असते. पण आकडा वाढलेला असतो!"

"आणि आवाज? खाली ऐकू येत नाही?"

त्यांनी कानातलं यंत्र दाखवलं. "हे आंघोळीनंतर घालतो. त्याआधी बँड वाजला तरी मला शांतता."

मी चहूकडे पाहिलं. कॉलनीतल्या सगळ्या गच्च्यांवर कूलर पोत्यात, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले. हिवाळ्यात इथे सगळे तसंच करतात. मिश्रांच्या गच्चीवर मात्र सगळा सावळा गोंधळ. वाळलेली तुळस, दोरीवर विसरलेला टॉवेल, एक स्टूल, चाकांच्या उंच स्टँडवरचा उघडा कूलर, फुटकी बादली. बाईमाणूस नसलं की घराचं असं होतं, आणि बाप्या नसला की माझ्या घरासारखं होतं. सगळं जागच्या जागी आणि हलवायला कोणी नाही.

"हे मिश्राजी कसे आहेत?"

"रमाकांत मिश्रा? एक नंबरचा भांडखोर! चक्की बसवली त्या दिवसापासून कटकट. आवाज येतो, झोप होत नाही, पोलिसांत जाईन. मी सकाळी मीटर वाचला की भिंतीपाशी जाऊन मुद्दाम आकडा ओरडतो, 'मिश्राजी, बारह!' तो ओरडतो, 'झूठ!' मग अर्धा तास जुंपते. मंगळवारी पहाटे तो तुमच्या अलीगंजच्या हनुमानाला जातो, दुपारी परततो. तेवढी एक सकाळ शांत."

"आणि आकडा शून्य असला की?"

"मग कशाला ओरडू? खाली जातो. दिवसभर वरही येत नाही मग." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "या पत्रानंतर तर कुणाला तोंडच दाखवावंसं वाटत नाही."

मी वही मागितली. सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. वारा होता त्या पाच दिवसांचे आकडे होते तीन, अडतीस, एकाहत्तर, नऊ, चोवीस. आणि धुक्यातल्या त्या तेरा दिवसांचे होते बारा, अकरा, बारा, तेरा, बारा, बारा, अकरा, पुढेही असेच.

मी दोनदा वाचले. मग वही मिटली.

"दिनकरराव," मी म्हटलं, "हा वारा नाही. ही कुणीतरी व्यक्ती आहे."

३

वारा कधी घड्याळ लावून येत नाही. तो तीन देईल नाहीतर एकाहत्तर. रोज बाराच्या आसपास देणारं जे असतं ते माणसाचं काम असतं, तेही ठरलेल्या वेळाचं. आता अशी उलटी चोरी मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. चोर येतो आणि काही नेत नाही, उलट ठेवून जातो!

कुणी असेल? चक्कीपर्यंत हात पोचणारी माणसं तीन. पहिली ऋता. ही एकोणतीस वर्षांची इंजिनिअर, दिनकररावांची मदतनीस. मीटर, तारा, बॅटरी सगळं तिनं जोडलेलं. चाचणीत चक्की उतरली तर तिची नोकरी पक्की. गुरुवारी ती मला मुन्शी पुलियाजवळ एका चहाच्या टपरीवर भेटली. आईबाप मराठी, जन्म इथला. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाललं.

"मीटर तूच बसवलास. त्यात फिरवाफिरवी करता येते?"

"काकू, करनी होती तो बारह क्यों करती? सौ करती ना!" ती चिडली. "और मैं तो अट्ठाईस से चार तारीख तक नानी के यहाँ सोलापूर थी. पूछ लीजिए."

विचारलं. होती. त्या आठ दिवसांतही सहा वेळा बारा-अकरा आलेच होते.

"मैंने काका से कितनी बार बोला, ऑटोमैटिक रिकॉर्डर लगा लेते हैं, हर मिनट का पता चलेगा," ती म्हणाली. "मानते ही नहीं. कहते हैं, जिसने लिखा उसकी ज़िम्मेदारी होनी चाहिए."

हे अगदी दिनकरराव. यंत्रानं लिहिलेल्या आकड्याखाली सही कुणाची, हा त्यांचा प्रश्न.

जाताना ऋता थांबली. "काकू, काका को झूठा साबित मत कीजिएगा प्लीज़. उनके पास बस यही है."

दुसरा आशिष, दिनकररावांचा मुलगा. बंगळूरला असतो. डिसेंबरात आला होता, घरात मोठा इन्व्हर्टर बसवून वीस तारखेला परत गेला. बावीसपासून विचित्र आकडे सुरू. इन्व्हर्टरची वीज उलटी तारांतून चक्कीच्या मीटरमध्ये शिरत असेल तर? मुद्दाम किंवा चुकून? मी फोन लावला.

"काकू, खरं सांगू का," आशिष म्हणाला, "ती चक्की बंद पडावी अशीच माझी इच्छा होती. मग बाबा माझ्याकडे आले असते. पण त्यांना खोटारडं ठरवून मी त्यांना घरी आणीन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. पण विचारणं माझं काम."

"इन्व्हर्टर मी फक्त त्यांची काळजी म्हणून बसवला. आता तिकडे वीज गेलेली बाबांना कळतसुद्धा नाही, गीझर सोडून सगळं चालू राहतं." मग म्हणाला, "रोज फोन करायला हवा मला. होत नाही."

मला कौमुदीचं विसावं चित्र आठवलं.

तेवढ्यात दिनकररावांचा फोन आला. आवाजात भीती होती.

"सरोजबाई, आजही धुकं, आजही वारा शून्य. पण आज बारा नाही. आज सोळा."

४

शुक्रवारी सकाळी मी वहीवरून उतरवलेल्या तारखा घेऊन बसले. बारा कधी आले ते आतापर्यंत बघत होते. आता उलट बघायचं ठरवलं. धुकं असूनही शून्य कधी आलं? असे पाच दिवस होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेन्सिलनं त्यांना गोल केले. तेवीस डिसेंबर, तीस डिसेंबर, सहा जानेवारी, तेरा जानेवारी. एकाखाली एक, सरळ रांगेत, चारही मंगळवार!

मंगळवारी आमच्या अलीगंजात हनुमानाच्या दर्शनाला इतकी गर्दी असते की मला स्कूटी फाटकाबाहेर काढता येत नाही. दर मंगळवारी मी त्या गर्दीला शिव्या घालते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पण पाचवं शून्य नऊ जानेवारीचं होतं आणि तो शुक्रवार होता. ते बसत नव्हतं. ते बसेपर्यंत कुणावर बोट ठेवायचं नाही, हा माझा नियम. म्हणून मी तिसऱ्या माणसाचं, मिश्रांचं, दार वाजवलं.

सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, माकडटोपी, अंगावर शाल. बैठकीत सहा खुर्च्या आणि पाचांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. सहावी त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले. गुळाचा चहा केला. मी चक्कीचं नाव काढायचा अवकाश, स्वारी सुटली.

"बहनजी, वह मशीन नहीं, मुसीबत है! घर्र-घर्र, घर्र-घर्र! पूरी कॉलनी में हमारे ही सिर पर लगानी थी?"

"कोहरे में तो बंद रहती है ना? तब तो शांति होगी."

त्यांनी टोपी कानांवर ओढली. मग हळू म्हणाले, "हाँ. तब बहुत शांति रहती है."

"घर में कौन-कौन है?"

"बेटा-बहू थे. नवंबर में गुड़गाँव चले गए, नौकरी लग गई. अच्छा है. बच्चे आगे बढ़ें." कप विसळायच्या निमित्तानं त्यांनी पाठ फिरवली. मी ते निमित्त ओळखते, मी पाणी आणायला जाते ना, तसलंच.

खोली अंधारी होती. मी म्हटलं, "मिश्राजी, इन्व्हर्टर नहीं है?"

"अकेले आदमी को कितनी बत्ती चाहिए? पिछले शुक्रवार, नौ तारीख को, रात की गई हुई बिजली सुबह नौ बजे आई. मोमबत्ती जलाकर पूजा की. और क्या."

बसलं. पाचवं शून्य बसलं. नऊ तारखेला कॉलनीची वीज नव्हती आणि त्या दिवशी चक्कीही फिरली नाही. आता वाऱ्याला काय ठाऊक कुणाची वीज गेलीय? म्हणजे चक्की विजेवर फिरत होती. दिनकररावांच्या घरातल्या विजेवर नव्हे, कारण तिथे इन्व्हर्टर होता, तिथून वीज येत असती तर त्या दिवशीही बारा आलेच असते. आशिष सुटला. वीज आली ती इन्व्हर्टर नसलेल्या घरातून. त्या घरातला माणूस मंगळवारी सकाळी नसतो. आणि त्याच्या गच्चीवर, भर जानेवारीत, एक कूलर उघडा.

मी उठले. दारापर्यंत सोडायला येत मिश्राजी चाचरले.

"बहनजी, घाटपांडे जी ठीक तो हैं? तीन दिन से दीवार पर नहीं आए."

रस्त्यावर येऊन मी दिनकररावांना फोन केला. "आज किती?"

"एकवीस," ते म्हणाले. "वाढतच चाललंय. सरोजबाई, कळलं का काही?"

आता एक कबुली देते. त्या क्षणी मी सांगू शकले असते. कोण आणि कसं, दोन्ही मला कळलं होतं. पण तीन दिवसांत माझा फोन अकरा वेळा वाजला होता. प्रकरण मिटलं की तो परत तिळगुळाच्या चित्रांपुरता उरणार.

"नाही अजून," मी म्हटलं. "उद्या पहाटे येते."

५

शनिवारी सहाला ई-रिक्षानं पोचले. धुकं असं की रिक्षावाल्याला स्वतःचा दिवा दिसेना. दिनकररावांना खालीच बसवलं आणि एकटी गच्चीवर गेले. जिन्याच्या दारात उभी राहिले. दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. घर्र-घर्र, घर्र-घर्र.

भिंतीच्या दिशेनं दहा पावलं टाकली. चक्की फिरत होती. तिच्यापुढे, पलीकडच्या गच्चीवर, कूलर ढकलत आणून भिंतीला भिडवलेला. तीन बाजूंच्या गवताच्या जाळ्या काढलेल्या, पाणी नाही, नुसता पंखा सोसाट्यानं चाललेला. चार अंश थंडीत कूलरच्या मागे स्टुलावर मिश्राजी बसले होते. माकडटोपी, दोन शाली, हातात जपमाळ. कूलर हलू नये म्हणून एक पाय त्याच्या चाकाला लावलेला.

मी खोकले.

त्यांनी दचकून बटण बंद केलं. चक्की आणखी दोन-चार गिरक्या घेऊन थांबली. 

"पुलिस को बताइएगा?" त्यांनी विचारलं.

"पहले मुझे बताइए. क्यों?"

"बहनजी, जिस दिन मशीन चलती है, वे आठ बजे आते हैं. नंबर बोलते हैं. हम कहते हैं झूठ. फिर वे समझाते हैं, फिर हम लड़ते हैं. आधा घंटा." ते जपमाळ बोटांत फिरवत होते. "जिस दिन नहीं चलती, वे चुपचाप नीचे चले जाते हैं. फिर पूरे दिन हमसे कोई नहीं बोलता. दूधवाला भी थैली लटका के चला जाता है. दिसंबर में कोहरा पड़ा, तीन दिन हो गए थे, हमने अपनी ही आवाज़ नहीं सुनी थी. तो सोचा, थोड़ी हवा हम ही दे दें."

माझा मिरजेचा फटकळपणा कुठे गेला कोण जाणे.

"और अब बारह के इक्कीस कैसे हो गए?"

"वे आ ही नहीं रहे थे. हमने सोचा, बारह कम पड़ रहे हैं. तो पाँच की जगह पहले चार, फिर तीन बजे से चलाने लगे."

मी त्यांना मंडळाचं पत्र सांगितलं. सोमवार सांगितला, संस्था सांगितली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं की आकडे भिंतीपाशी ओरडण्यासाठीच असतात.

"हे राम," ते म्हणाले. "हमने उनका नाम मिट्टी में मिला दिया."

माझ्यामागे जिन्याचं दार वाजलं. दमेकरी माणूस, तोंडाला मफलर, कानात यंत्र. दिनकररावांनी सगळं ऐकलं होतं.

६

ते भिंतीपाशी आले. कूलर बघितला. हातानं पंख्यापासून चक्कीपर्यंतचं अंतर मोजलं, दीड वीत.

"किती इंची आहे?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"अठारह," मिश्राजी म्हणाले.

"अठरा इंची. तीन तास. बारा वॉट-तास." दिनकररावांनी मान हलवली. हिशेब जुळत होता. मग ते मिश्रांकडे न बघता खाली आले, सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, "म्हणजे माझी चक्की धुक्यात फिरत नाही."

"नाही."

"मला वाटलं होतं, सरोजबाई, या वयात आपल्याला काहीतरी सापडलंय. हेमाच्या फोटोला सांगूनसुद्धा टाकलं मी."

 गोदाम जळलं तर भरपाई लिहून देता येते. मी त्यांच्या शेजारी, सोफ्याच्या न दबलेल्या बाजूला बसले. मग शुक्रवारचं माझं खोटंही सांगून टाकलं. एक दिवस उशिरा सांगितलं आणि का, तेही. 

"तुम्हीसुद्धा?" ते एवढंच म्हणाले.

रविवारी त्यांनी खुलासा लिहिला. मी वाचला. एका ओळीतही त्यांनी स्वतःची बाजू सावरली नव्हती. तेराही नोंदी मीटरप्रमाणे खऱ्या आहेत, मात्र त्या वाऱ्याच्या नाहीत, शेजाऱ्याच्या कूलरच्या आहेत. त्यानंतरच्याही तशाच. धुक्यात चक्की फिरते हा माझा दावा मी मागे घेतो. आठच्या आधी एकदाही वर जाऊन पाहिलं नाही, ही चूक माझी. सोबत मिश्रांचं हिंदीतलं निवेदन होतं, त्यांनी ते चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं. तारखा, तास, वीज गेलेला दिवस, मंगळवार, सगळं त्यात जुळत होतं. 'कारण' या शब्दापुढे त्यांनी एकच ओळ लिहिली होती: पड़ोसी से बात करने के लिए.

सही करायला मिश्राजी आले तेव्हा दिनकररावांनी पेन पुढे केलं, पण मान वर केली नाही. मिश्राजी उंबऱ्यात दोन मिनिटं उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवरचा कूलर ताडपत्रीत बांधलेला दिसला, सुतळीच्या तीन-तीन गाठी मारून.

७

मंडळाचं उत्तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं. खुलासा मान्य, घाटपांडे यांच्या सचोटीबद्दल मंडळाला शंका नाही, संस्थेला काहीही कळवलं जाणार नाही. पण ते आकडे वगळल्यावर सरासरी घसरली, त्यामुळे या वर्षी चक्कीची निवड नाही. पुढच्या वर्षी परत बसायचं असेल तर एक अट. रोजच्या नोंदीवर त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी, आणि तो घरातला किंवा शेजारचा नको.

"ऋताला दुसरीकडे नोकरी लागलीय, तिला रोज जमणार नाही," दिनकरराव फोनवर म्हणाले. "अलीगंज लांब पडतं, मला कळतं. पण सकाळी आठला..."

"येते," मी म्हटलं. त्यांचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

पहिल्याच दिवशी परत धुकं. मी स्कूटी हळूहळू चालवत पोचले. आठला आम्ही वर गेलो. चक्की थांबलेली, पात्यांवरून दव ठिबकत होतं. दिनकररावांनी चष्मा पुसला, मीटर वाचला, वहीत लिहिलं. शून्य.

वही माझ्याकडे देऊन ते जिन्याकडे वळले. तीन आठवडे त्या दोघांत एक शब्द नव्हता. पलीकडे काही दिसत नव्हतं, पण कोणीतरी उभं होतं. शाल सारखी केल्याचा आवाज मी ऐकला. दिनकररावांच्या कानात यंत्र होतं, त्यांनीही ऐकला असावा. जिन्याच्या दारात ते थांबले. मग परत फिरले, भिंतीपाशी गेले आणि दम्याला न जुमानता ओरडले.

"मिश्राजी! ज़ीरो!"

पलीकडे काही हललं नाही. मला वाटलं, गेला बहुतेक हा माणूस आत. मग धुक्यातून आवाज आला, आधी घोगरा, मग खणखणीत.

"झूठ!"

"झूठ? आकर देख लीजिए!"

"आपका मीटर ही खराब है! हम तो पहले दिन से कह रहे हैं!"

"मीटर खराब? तुमको मीटर में क्या कळता है?"

दिनकररावांचं हिंदी रागात असं घसरतं. मी शून्यापुढे सही केली, खाली तारीख घातली. मग चहा कुणाकडे व्हायचा यावरून त्यांची जुंपली, ती संपायची वाट बघत मी गच्चीच्या कठड्यावर बसून राहिले.